आधी हाक, मग अंतर

वाई, रविवार

प्रिय मंजू,

तुझी मेल काल रात्री वाचली आणि फोटोही पाहिला. माळ्यावर वटवाघूळ निघालं म्हणून थेट घर विकायची भाषा कसली करतेस! आधी कामाचं लिहिते, म्हणजे मग गप्पांना मोकळी. नुसत्या हाताने त्याला धरायला जाऊ नकोस. कुणाला चावलं, नख लागलं, किंवा कुणी झोपलेलं असताना ते त्या खोलीत आढळलं, तर जखम दिसो न दिसो, लगेच डॉक्टर गाठ. तिकडच्या वटवाघळांपासून रेबीज होऊ शकतो आणि लस वेळेत घेतली तर तो टळतो. असं काही झालं नसेल आणि ते नुसतं खोलीत शिरलं असेल, तर दिवे मालव, आतलं दार लाव आणि खिडकी सताड उघड. आपलं आपण निघून जाईल. माळ्याची फट बुजवायची असेल तर जून-जुलैत मुळीच नको. त्या दिवसांत पिल्लं असतात. आया बाहेर आणि पिल्लं आत अशी ताटातूट होईल.

फोटो धूसर आहे, पण तपकिरी अंग, काळपट नाकाड आणि कान बघता ते ‘बिग ब्राऊन बॅट’ असावं. ऑन्टॅरिओत घरांच्या माळ्यांवर मुक्काम करायची त्याची जुनी सवय. नाव ‘बिग’, पण वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. आणि बाई, हा तुझा फुकट्या भाडेकरू साधासुधा नाही. अंधारात अंतर कसं मोजायचं यावर गेल्या पन्नासेक वर्षांत जे जे मोठे प्रयोग झाले, त्यातल्या कितीतरी प्रयोगांत याच जातीने काम केलं आहे.

तू विचारलंस की इतक्या अंधारात ते तुझ्या डोक्यावर आपटलं कसं नाही. शाळेतलं उत्तर तुला पाठ आहे: आवाज सोडतं, तो आपटून परत येतो, त्यावरून त्याला कळतं. मीही अकरावीला सोनार शिकवताना पुढच्या गणिताच्या घाईत एवढंच सांगून मोकळी होते. पण खरी मजा त्या ‘कळतं’च्या आत आहे. तू दिवसभर लोकांचे कान तपासतेस, म्हणून तुलाच हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

इतिहास झटपट उरकते. इटलीत पावियाला लाझारो स्पालान्झानी नावाच्या शास्त्रज्ञ पाद्र्याने १७९३ मध्ये पाहिलं की मेणबत्ती विझली की घुबड गडबडतं, वटवाघूळ नाही. त्याने वटवाघळांचे डोळे काढून त्यांना सोडून दिलं (त्या काळी असले प्रकार बिनदिक्कत चालत). पुढे ती पकडली तेव्हा त्यांची पोटं किड्यांनी भरलेली होती. जिनिव्हाच्या लुई ज्युरीनने कान बुजवले, तर ती धडाधड आपटू लागली. म्हणजे वटवाघूळ कानांनी बघतं! पण कान ऐकतात काय? खोलीत तर शांतता. ते कोडं जवळजवळ दीड शतक पडून राहिलं. १९३८ मध्ये हार्वर्डमध्ये शिकणारा डोनाल्ड ग्रिफिन वटवाघळांचा पिंजरा घेऊन पियर्स या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेला. त्यांच्याकडे श्राव्यातीत ध्वनी पकडणारं यंत्र होतं. त्याच्यासमोर पिंजरा धरला आणि ती ‘शांत’ वटवाघळं कलकलाट करत असल्याचं उघड झालं.

पुढे ग्रिफिन आणि रॉबर्ट गालंबोस यांनी छतापासून तारा टांगून त्यांच्यामधून वटवाघळं उडवली. डोळे झाकले, काही फरक नाही. कान बुजवले, आपटली. मग त्यांनी वटवाघळांचं तोंड बंद केलं, आणि तीच गत झाली. मला यातला तोंडाचा प्रयोग सर्वांत मोठा वाटतो. ज्याला बोलता येत नाही त्याला दिसतही नाही, असा कुठला प्राणी आपण ऐकला होता? एका परिषदेत गालंबोसने हे मांडल्यावर एका नामवंत शास्त्रज्ञाने त्याला खांद्यांना धरून गदागदा हलवलं म्हणे. रडार आणि सोनार ही तेव्हा लष्कराची गुपितं. ती एका चिमुकल्या प्राण्याला आधीपासून येतात हे त्याला पटेना. १९४४ मध्ये ग्रिफिनने या साऱ्याला ‘इकोलोकेशन’ हे नाव दिलं.

आता माझ्या विषयातलं थोडं गणित. कंटाळू नकोस, दोनच ओळी आहेत. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. जाऊन परत यायचं म्हणजे एका मिलिसेकंदाला १७ सेंटीमीटर अंतर पडलं. पतंग एक मीटरवर असेल तर प्रतिध्वनी सुमारे ६ मिलिसेकंदांनी येतो. तो एक सेंटीमीटर पुढे-मागे झाला तर वेळेत फरक पडतो सुमारे ५८ मायक्रोसेकंदांचा. १९७३ मध्ये जेम्स सिमन्स यांनी याची परीक्षा घेतली. वटवाघळासमोर दोन त्रिकोणी तुकडे, एक किंचित जवळ, एक किंचित लांब. जवळच्याकडे गेलं की बक्षीस म्हणून अळी. तुझ्या माळ्यावरच्या जातीने एक-दीड सेंटीमीटरचा फरक बरोबर ओळखला. मग सिमन्सनी खरे तुकडेच काढून टाकले. वटवाघळाचीच हाक माइकने टिपायची आणि थोडी थांबवून स्पीकरमधून त्याला परत ऐकवायची. समोर काहीच नाही, फक्त उशिरा आलेला आवाज. वटवाघळाने तितक्याच अचूकपणे ‘जवळचा’ तुकडा निवडला! म्हणजे त्याच्या लेखी अंतर ही वस्तूच नाही. हाक आणि उत्तर यांच्यामध्ये गेलेला वेळ, एवढंच त्याचं अंतर.

पण हा वेळ मोजायचा कुणी? चेतापेशीचा एक ठोकाच मुळी मिलिसेकंदभर टिकतो. अशा संथ पेशींकडून इतक्या बारीक फरकाचा हिशेब कसा करून घ्यायचा? याचं सुंदर उत्तर १९७८-७९ च्या सुमारास मिळू लागलं. सिमन्स आणि सहकाऱ्यांना बिग ब्राऊनच्या मध्यमेंदूत, आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसला नोबुओ सुगा आणि विल्यम ओनील यांना मध्य अमेरिका-कॅरिबियनकडच्या मिशाळ वटवाघळाच्या मेंदूच्या वरच्या थरात अशा पेशी सापडल्या, ज्या नुसत्या हाकेला दाद देत नाहीत आणि नुसत्या प्रतिध्वनीलाही देत नाहीत. दोन्ही ऐकवा, आणि मध्ये ठरावीक वेळ जाऊ द्या. मग मात्र तडातड ठोके.

हे घडतं कसं, ते नीट बघ. वटवाघूळ हाक मारतं तेव्हा ती हाक त्याच्या स्वतःच्या कानातही शिरते. तिचा संदेश मेंदूत वर निघतो, पण वाटेत त्याला मुद्दाम रोखून धरलं जातं. हे काम दाब आणणाऱ्या, म्हणजे पेशींना गप्प करणाऱ्या रसायनांचं. एका वाटेवर तो दोन मिलिसेकंद अडतो, दुसरीवर सहा, तिसरीवर बारा. प्रतिध्वनीचा संदेश मात्र न थांबता येतो. ज्या पेशीपाशी अडकलेली हाक आणि ताजा प्रतिध्वनी एकाच क्षणी पोचतात, ती पेशी पेटते. सहा मिलिसेकंदवाली पेटली की पतंग एक मीटरवर. कुणी काही मोजत बसत नाही. कोणती पेशी पेटली हेच उत्तर. सुगांच्या वटवाघळात या पेशी ओळीने मांडलेल्या निघाल्या, ०.४ पासून १८ मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे सात सेंटीमीटरपासून तीन मीटरच्या थोडं पुढपर्यंत. मेंदूच्या पृष्ठभागावर अंतराची अक्षरशः पट्टी. १९९१ मध्ये त्यांनी औषध टोचून नेमका तेवढाच भाग तात्पुरता बधिर केला, तर वटवाघळाला वेळेतला बारीक फरक ओळखता येईना. सगळ्या जातींत पट्टी इतकी नीटनेटकी नसते हं. तुझ्या बिग ब्राऊनमध्ये त्याच पेशी आहेत, पण विखुरलेल्या.

आता तुझ्या धंद्यातली शंका तूच काढशील: हजारो वटवाघळं एका गुहेतून ओरडत बाहेर पडतात, तेव्हा शेजाऱ्याच्या हाकेने याची घड्याळं का सुरू होत नाहीत? मिशाळ वटवाघळाची तोड ऐक. त्याच्या हाकेत चार सूर असतात, साधारण ३०, ६०, ९० आणि १२० किलोहर्ट्झचे. त्यातला पहिला ते जवळजवळ गिळूनच टाकतं. हाकेच्या ऊर्जेतला एक टक्काही त्याच्या वाट्याला येत नाही. बाहेर तो कुणाला ऐकू जात नाही, पण त्याच्या स्वतःच्या गळ्यातून, हाडामांसातून कानापर्यंत पोचतो. आणि त्या अंतरवाल्या पेशींना सुरुवातीची खूण म्हणून नेमका हाच पहिला सूर लागतो. प्रतिध्वनीसाठी वरचे तीन. शेजाऱ्याने कितीही बोंब मारली तरी घड्याळ चालू होतं ते फक्त स्वतःच्या आवाजाने.

आणखी एक अडचण तुला लगेच दिसेल. तोंडाशी हाक भयंकर मोठी, १२० डेसिबलच्या आसपास, आणि परत येणारा प्रतिध्वनी मरतुकडा. स्वतःच्याच आवाजाने कान बधिर व्हायचे. इथे तुझा लाडका स्टेपिडियस, कानातला तो चिमुकला स्नायू, कामाला येतो. आपल्यात बाहेरून मोठा आवाज आला की तो आखडतो. वटवाघळात हाकेच्या काही मिलिसेकंद आधीच आखडतो आणि हाक संपता संपता सैल पडू लागतो. म्हणजे जवळचा, म्हणून मोठा प्रतिध्वनी येतो तेव्हा कान अजून थोडा मंद असतो, आणि लांबचा, म्हणून क्षीण, येईस्तोवर पूर्ण तीक्ष्ण झालेला असतो. तुझ्या श्रवणयंत्रांत आवाज आपोआप कमी-जास्त करणारी जी सोय असते, ती याच्या कानात एका स्नायूने केलेली आहे.

आता एक शिकार सावकाश पाहू. तुझ्या अंगणातल्या दिव्याभोवती एखादा भुंगेरा फिरतो आहे असं धर. भाडेकरू निवांत उडताना सेकंदाला दहाएक हाका मारतो, पंखांच्या तालावर. पाच मिलिमीटरचा छोटा गोळासुद्धा त्याला तीनेक मीटरवरून कळतो. भुंगेऱ्याचा प्रतिध्वनी आला, की डोकं आणि कान तिकडे वळतात आणि हाका जवळजवळ येऊ लागतात. वीस, चाळीस, ऐंशी. हाक आखूडही होत जाते, कारण अर्ध्या मीटरवरून उत्तर तीन मिलिसेकंदांत येतं. हाक त्याहून लांबली तर बोलता बोलताच उत्तर येऊन आदळेल. अगदी शेवटी सेकंदाला दीडशेच्या वर हाका, प्रत्येक मिलिसेकंदाहून लहान. यंत्रावर हे ऐकलं तर चेन सर्रकन ओढल्यासारखं वाटतं. एवढ्या वेगाने आखडणारे-सुटणारे खास स्नायू वटवाघळाच्या घशात असतात, हे २०११ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दुसऱ्या एका जातीत दाखवलं. मग शेपटीच्या पडद्याची ओंजळ करून भुंगेरा त्यात घ्यायचा आणि उडता उडता मान खाली घालून तोंडात. पहिल्या चाहुलीपासून घासापर्यंत सारं एखाद-दुसऱ्या सेकंदात.

या घाईत मेंदूत काय चालतं तेही आता दिसलं आहे. सिंथिया मॉस यांच्या गटाने २०१८ मध्ये उडत्या बिग ब्राऊनच्या मध्यमेंदूतल्या पेशी बिनतारी नोंदल्या. वटवाघूळ एखाद्या गोष्टीकडे लक्ष देऊन हाकांचे घट्ट पुंजके सोडू लागलं, की पेशींचा पल्ला अधिक नेमका होतो आणि जवळच्या अंतरांकडे सरकतो. म्हणजे मेंदूतली ती पट्टीसुद्धा निश्चल नाही. जसं विचारावं तसं उत्तर बारीक होतं.

पण वेळ म्हणजेच अंतर, या हिशेबाची एक किंमत आहे. आपल्याकडे ‘वाईहून पुणं किती लांब?’ विचारलं तर ‘दोन तास’ असंच उत्तर मिळतं, किलोमीटर कुणी सांगत नाही. फक्त खंबाटकी घाटात कोंडी झाली आणि दोनाचे चार तास लागले, तर पुणं लांब गेलं असं आपण धरत नाही. वटवाघूळ धरतं! तेल अवीवच्या एरन अमिखाई आणि योसी योव्हेल यांनी २०२१ मध्ये हे प्रसिद्ध केलं. काही पिल्लं त्यांनी जन्मल्यापासून हेलियम मिसळलेल्या हवेत वाढवली. हेलियममुळे आवाज जोरात पळतो, प्रतिध्वनी लवकर येतो, सगळं आहे त्याहून जवळ भासतं. ती पिल्लं तिथेच लहानाची मोठी झाली, तेव्हा तिथल्या हिशेबाला सरावायला हवीत की नाही? नाही सरावली. साध्या हवेत वाढलेल्यांसारखीच तीही हेलियममध्ये लक्ष्याच्या अलीकडेच उतरायला बघत. मोठ्या वटवाघळांनाही आठवडेच्या आठवडे तिथे राहून फरक पडला नाही. आवाजाचा वेग ती शिकत नाहीत. तो जन्मतः बांधलेला असतो.

मला यावर प्रश्न पडला होता: मग उन्हाळ्या-हिवाळ्याचं काय? हवा एका अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. वीस अंशांचा फरक धर, साडेतीन टक्क्यांची चूक होईल. मीटरभरावर साडेतीन सेंटीमीटर. पण चूक टक्क्यांत आहे, म्हणून अंतर घटेल तशी तीही घटते; दहा सेंटीमीटरवर उरते साडेतीन मिलिमीटर. आणि तोवर त्याने कितीतरी वेळा नव्याने विचारलेलं असतं. सतत विचारत राहणाऱ्याला अंदाजाची ढोबळ चूक परवडते, हे गणित मुलांना घालणार आहे मी.

घराचा रस्ता मात्र तीन मीटरच्या पट्टीने सापडत नाही. त्यासाठी मेंदूत दुसरी जागा आहे, हिप्पोकॅम्पस. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मायकेल यार्त्सेव्ह आणि नाखुम उलानोव्स्की यांनी २०१३ मध्ये उडत्या इजिप्शियन फळवटवाघळांत अशा पेशी दाखवल्या ज्या खोलीतल्या एकेका त्रिमित जागेला पेटतात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही धरून. २०२२ मध्ये त्याच गटाने लांब बोगद्यात दोन वटवाघळं समोरासमोर उडवली. एकटं असताना पेशी सांगत होत्या ‘मी कुठे आहे’. समोरचं जवळ येताच हाका वाढल्या, आणि त्यातल्याच कितीतरी पेशी क्षणार्धात सांगू लागल्या ‘तो किती लांब आहे’. आणि २०२४ मध्ये योव्हेल यांच्या गटाने इस्रायलमधल्या हुला खोऱ्यात छोट्या वटवाघळांचे डोळे तात्पुरते झाकून त्यांना तीन किलोमीटरपर्यंत दूर नेऊन सोडलं. ती केवळ प्रतिध्वनींवर घरी परतली. झाडांची रांग, रस्ता, माळरान यांचा आवाज वेगवेगळा येतो, आणि त्या आवाजांचा नकाशा त्यांच्या डोक्यात असतो. डोळे उघडे असले की वाट आणखी चांगली सापडते, हेही दिसलं; ती आंधळी असतात हे आपलं पुराण.

आपल्याकडचं म्हणशील तर गावोगावच्या वडा-पिंपळांवर लटकणारी मोठाली वटवाघळं यातलं काही करत नाहीत. त्यांचं काम डोळ्यांवर आणि नाकावर. महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्हमधली फळवटवाघळं मात्र त्या इजिप्शियन जातीची सख्खी भावंडं. ती जीभ टकटक वाजवून गुहेत वाट काढतात. आणि जुन्या वाड्या-देवळांतून राहणारं मेगाडर्मा लायरा नावाचं वटवाघूळ हाक न देताही शिकार करू शकतं. पाचोळ्यात उंदीर किंवा बेडूक खसफसला की त्या आवाजावर झडप. अर्थात तिथे सावजच बोलून फसलेलं असतं. जे गप्प आहे त्याचं अंतर काढायचं, तर आधी आपल्याला हाक द्यावीच लागते आणि ती आपली आपल्याला ऐकू यावी लागते. ऐकणं म्हणजे स्वस्थ बसून कानावर येईल ते घेणं, असं मला आजवर वाटायचं. या प्राण्याचं निम्मं ऐकणं तोंडात आहे.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. फट बुजवलीस की कळव.

तुझी,
शुभा

ता. क. — तुझ्याच प्रांतातली गोष्ट लिहायची राहिली. लंडन-ऑन्टॅरिओच्या विद्यापीठात लोर थेलर, मेल गुडेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जीभ वाजवून प्रतिध्वनींवर वावरणाऱ्या दोन अंध माणसांच्या मेंदूचे स्कॅन केले. प्रतिध्वनी ऐकताना त्यांच्या मेंदूतला बघण्याचा भाग काम करत होता. तुझ्याकडे येणाऱ्या अंध मंडळींपैकी कुणी असं चालतं का गं? त्यांचे कान तपासताना नेहमीच्या शिट्ट्यांबरोबर त्यांच्या स्वतःच्या टिचकीचं उत्तर त्यांना किती बारीक ऐकू येतं, हेही एकदा विचारून बघ आणि मला लिही.